ऑइल कमी होणे वेगळे आणि ऑइल खराब होणे वेगळे

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, कारण त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. गाडी २०१३ सालची, १.२ लिटरची पेट्रोल, आजवर ९२,००० किलोमीटर चाललेली. आपण जुळे सोलापुरात राहता, रोजचे जाणे-येणे शहरातल्या शहरात चार-पाच किलोमीटरचे, आणि महिन्या-दोन महिन्यांतून एखादी तुळजापूरची किंवा पंढरपूरची फेरी. मागची सर्व्हिसिंग होऊन दहा महिने आणि ६,५०० किलोमीटर झाले असताना आसरा चौकात वळण घेताना डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा क्षणभर लागला. गॅरेजमध्ये पाहिले तेव्हा डिपस्टिकच्या, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणाऱ्या पट्टीच्या, टोकालाही ऑइल लागत नव्हते आणि वरच्या खुणेपर्यंत आणायला १.८ लिटर ओतावे लागले. त्यानंतर आपल्याला तीन सल्ले मिळाले. एका गॅरेजने सांगितले की पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत, हाफ इंजिन (इंजिन खोलून रिंगा बदलण्याचे मोठे काम) करावे लागेल, ४०,००० रुपये खर्च येईल. मेव्हण्यांनी सांगितले की सोलापूरच्या उन्हात पातळ ऑइल टिकत नाही, २०डब्ल्यू-५० हे घट्ट ऑइल टाका. तिसऱ्याने सांगितले की दर ५,००० किलोमीटरला ऑइल बदलत जा, म्हणजे सगळे आपोआप थांबेल. आपण विचारले आहे की यांतले कोणाचे ऐकावे.

मी सोलापुरात २८ वर्षे गाड्यांचे काम करतो आहे, आणि माझे मत असे की तिघांनीही उत्तर देण्याची घाई केली. इंजिनमधले ऑइल कमी होणे हा प्रमाणाचा प्रश्न आहे आणि ऑइल जुने होणे हा गुणाचा. गाडी थेंबभरही ऑइल खात नसली तरी ऑइल बदलावे लागते, आणि गाडी ऑइल खात असेल तर वेळेवर बदलल्याने ते खाणे थांबतेच असे नाही. या दोन गोष्टी एका वाक्यात आल्या की माणूस एकतर नको तेव्हा इंजिन खोलतो, नाहीतर पट्टी पाहायचे सोडून फक्त सर्व्हिसिंगच्या स्टिकरवर विश्वास ठेवून बसतो. आपल्या बाबतीत दुसरी गोष्ट घडलेली दिसते.

सर्वांत आधी त्या लाल दिव्याविषयी. तो दिवा ऑइल किती आहे हे सांगत नाही, ऑइलचा दाब गेला आहे हे सांगतो. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्यात, ऑइल फार खाली गेले की वळणावर ते एका बाजूला सरकते, पंपाची जाळी उघडी पडते, पंप ऑइलऐवजी हवा ओढतो आणि तेवढ्यापुरता दाब पडतो. म्हणजे दिवा लागतो तेव्हा बेअरिंगांपर्यंत ऑइल पोहोचणे थांबायला लागलेले असते. पुढे कधीही हा दिवा चालत्या गाडीत लागला तर गॅरेज जवळ आहे, पोहोचतो कसातरी, असा विचार करू नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, पट्टी पाहा, आणि पट्टीवर ऑइल दिसेपर्यंत चावी फिरवू नका. आपल्या गाडीत दिवा क्षणभरच लागला आणि नंतर आवाजात फरक नाही असे आपण लिहिले आहे, त्यामुळे बहुधा आपण वाचलात. मात्र सकाळी पहिल्या स्टार्टला किंवा ॲक्सिलरेटर दाबल्यावर खालून खडखड असा जड आवाज येऊ लागला, तर या पुढच्या सगळ्या मजकुराआधी तो दाखवून घ्या.

आता १.८ लिटर या आकड्याकडे येऊ. ६,५०० किलोमीटरला १.८ लिटर म्हणजे हजार किलोमीटरला साधारण २७५ मिली, किंवा ३,६०० किलोमीटरला एक लिटर. हा आकडा पाहून घाबरण्यासारखे काही नाही, पण मी यावर अजून विश्वासही ठेवणार नाही. मागच्या सर्व्हिसिंगला ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरले होते का, हे आपल्याला माहीत नाही. इंजिनला फिल्टरसह साडेतीन लिटर लागत असेल आणि कॅन तीन लिटरचा आणला असेल, तर घाईच्या दिवशी तेवढ्यावरच काम उरकलेले मी पाहिले आहे. तसे झाले असेल तर आपल्या गाडीने १.८ नव्हे, १.३ लिटरच खाल्ले. सुरुवात कुठून झाली हेच ठाऊक नसेल तर शेवटचा आकडा घेऊन काय करणार?

म्हणून पहिले काम मोजण्याचे, आणि ते घरच्या घरी होते. रोज रात्री गाडी ज्या सपाट जागी उभी राहते तिथेच, सकाळी स्टार्ट करण्यापूर्वी, बॉनेट उघडून पट्टी काढा, सुती फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा आणि आडवी धरून पाहा. पट्टीच्या दोन्ही बाजू पाहा. एका बाजूला ऑइल वर ओघळलेले दिसत असेल तर जी पातळी कमी दिसते ती खरी धरा. जागा आणि वेळ बदलू नका, कारण उतारावर उभी गाडी किंवा नुकतेच बंद केलेले इंजिन पट्टीवर वेगळेच काही सांगते. बहुतेक लहान गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एक लिटरचा फरक असतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. शेवटी सांगितल्याप्रमाणे ऑइल बदलून वरच्या खुणेपर्यंत भरले की त्या दिवशीचे किलोमीटर वहीत लिहा, आणि दर ५०० किलोमीटरला पट्टी पाहून नोंद करा. पातळी मध्यावर आली की मापाच्या भांड्याने ओतून वरच्या खुणेपर्यंत आणा आणि किती मिली लागले ते लिहा. दोन-तीन हजार किलोमीटरमध्ये खरा आकडा हाती येईल. वरच्या खुणेच्या पुढे मात्र जाऊ नका. ‘थोडे जास्त असलेले बरे’ हे वरणाला चालते, इंजिनला चालत नाही. जास्तीचे ऑइल फिरत्या क्रँकला लागते, त्याचा फेस होतो, ते ब्रीदरच्या (इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर नेणाऱ्या) नळीतून इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जाण्याच्या मार्गात, जाऊन जळते, आणि मग गाडी ऑइल खाते अशी तक्रार घेऊन माणूस परत येतो.

मोजणी चालू असतानाच ऑइल जाते कुठे हे शोधायला लागा. बाहेर जाण्याचे रस्ते आधी पाहावेत, कारण ते स्वस्त आहेत. रात्री इंजिनखाली दोन-तीन वर्तमानपत्रे पसरा आणि सकाळी डाग पाहा. पट्ट्याच्या बाजूला डाग असेल तर पुढचे ऑइल सील, गिअरबॉक्सच्या बाजूला असेल तर मागचे सील, मध्ये असेल तर चेंबरचे पॅकिंग किंवा बोल्टचा वायसर, असा प्राथमिक अंदाज बांधता येतो. अंदाजच म्हणतो, कारण धावत्या गाडीत वारा ऑइल मागे ओढतो आणि वर टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून झिरपलेले ऑइल खाली चेंबरवर येऊन थेंब धरते. म्हणून आम्ही आधी इंजिन धुऊन कोरडे करतो, ५०-१०० किलोमीटर चालवायला सांगतो आणि मग ओल सर्वांत वर कुठे दिसते ते पाहतो. उन्हाळ्यात एसीचे पाणी खाली ठिबकते, ते पाहून घाबरलेले लोक दर वर्षी येतात; ते पाणी स्वच्छ असते आणि कागदावर वाळून जाते. दुसरी एक फसवी गोष्ट म्हणजे काही गळती उभ्या गाडीत होतच नाही. ऑइल गरम होऊन दाबाखाली असते तेव्हाच ते झिरपते आणि गरम सायलेन्सर पाइपवर पडून जळून जाते. सिग्नलला थांबल्यावर जळक्या ऑइलचा वास येत असेल तर कागद कोरडा राहिला तरी गळती आहे असे समजा.

बाहेर काही सापडले नाही तर ऑइल आत जळते आहे. इथे मी माझीच एक चूक सांगतो, कारण आपल्याला मिळालेला पहिला सल्ला नेमका त्याच जातीचा आहे. स्वतःचे गॅरेज टाकून दोन-तीन वर्षे झाली होती. एका यंत्रमागवाल्या गृहस्थांची पेट्रोल गाडी आली, ऑइल खात होती, आणि सकाळी स्टार्ट केली की निळसर धुराचा एक भपका सोडत होती. मी धूर पाहिला आणि रिंगा म्हणून मोकळा झालो. इंजिन उतरवले, नव्या रिंगा टाकल्या, त्या काळच्या मानाने मोठे बिल केले. पंधरा दिवसांनी गाडी पुन्हा दारात आली आणि सकाळी तसाच भपका. माझे उस्ताद तेव्हा हयात होते. त्यांनी गाडीला हातही न लावता एवढेच विचारले, “धूर रात्रभर उभी राहिल्यावर येतो, की चढावर ओढताना येतो?” मी गप्प झालो. रात्रभर उभ्या गाडीत हेडमधले, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातले, ऑइल वॉल्वच्या दांडीवरून खाली उतरते आणि सकाळी पहिल्या स्फोटात जळते. बिघाड होता तो वॉल्व सीलचा. ही सील म्हणजे बोटाच्या पेरावर बसेल एवढी रबरी टोपी, किंमत चहा-भज्यांच्या हिशोबातली. दुसऱ्या वेळचे काम मी पैसे न घेता केले, आणि तेव्हापासून धुराची वेळ विचारल्याशिवाय इंजिनला पाना लावलेला नाही.

धुराची वेळ बरेच काही सांगते. सकाळच्या पहिल्या स्टार्टला, किंवा सिग्नलला दोन मिनिटे उभे राहून निघताना भपका येऊन नंतर धूर बंद होत असेल, तर संशय वॉल्व सीलवर. वेग घेताना आणि चढावर ओढताना सतत निळा धूर येत असेल, तर संशय रिंगांवर आणि बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर. संशय आला म्हणून लगेच खोलायचे नसते. कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो याची मोजणी, करून घ्या. चारही सिलिंडरांचे आकडे लिहून मागा, कारण एकेका आकड्यापेक्षा त्यांच्यातला फरक जास्त बोलतो. तो १०-१५ टक्क्यांच्या आत असेल तर मला चिंता वाटत नाही. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजतात. आकडा वर चढला तर ऑइलने रिंगांची फट तात्पुरती बुजवली असा अर्थ, म्हणजे दोष रिंगांत. चढला नाही तर वॉल्व नीट बसत नाही किंवा हेडखालचे पॅकिंग, म्हणजे हेड गॅस्केट, गेले आहे. एक मात्र लक्षात ठेवा की कॉम्प्रेशन धरणाऱ्या वरच्या रिंगा चांगल्या असूनही सगळ्यांत खालची ऑइल रिंग कार्बनने चिकटून बसलेली असू शकते, आणि तेव्हा टेस्टचे आकडे उत्तम येऊनही गाडी ऑइल खाते. अशा वेळी प्लग पाहा. ज्या सिलिंडरात ऑइल जळते त्याच्या प्लगवर राखेचा खरबरीत थर किंवा ओलसर काळी चिकट काजळी बसते, आणि बाकीचे तीन विटकरी-राखाडी कोरडे असतात. चार प्लग काढून फरशीवर ओळीने मांडले की काय चालले आहे ते मालकालाही दिसते.

पीसीव्ही वॉल्व हा छोटा भाग तर कोणी पाहतच नाही. इंजिनच्या पोटात जमणारी वाफ आणि वायू पुन्हा इनटेककडे नेणारा हा रस्ता आहे. तो चोंदला की आतला दाब ऑइलला सीलांमधून बाहेर ढकलतो, आणि उघडा अडकला की इंजिन ऑइलची वाफ ओढत राहते. हाफ इंजिनचे कोटेशन हातात असताना आधी हा वॉल्व आणि त्याची नळी साफ करून किंवा बदलून पाहायला काय हरकत आहे, असे मी प्रत्येकाला विचारतो.

आणि सोलापूरच्या गाडीत मी आणखी एक गोष्ट पाहतो, ती म्हणजे एअर फिल्टरच्या पुढची नळी. आपल्याकडे पावसाचे थोडे दिवस सोडले तर वर्षभर धूळ असते. त्यात रस्त्यांची खोदकामे, उसाच्या हंगामात ट्रॉल्यांच्या मागून चालणे आणि खडी क्रशरच्या आसपासचे रस्ते. इंजिन ऑइल का खायला लागते याचे एक मोठे कारण ही धूळच आहे. फिल्टर फाटलेला असेल, स्वस्तातला असेल, किंवा डब्याची एखादी क्लिप तुटून झाकण नीट बसत नसेल, तर बारीक मातीसकट हवा सिलिंडरात जाते आणि रिंगा व बोअर पॉलिश पेपरने घासल्यासारखे झिजतात. तपासणी सोपी आहे. फिल्टरच्या पलीकडची, म्हणजे इंजिनकडे जाणारी नळी काढा आणि आतून बोट फिरवा. बोट कोरड्या, पिठासारख्या मातीने माखले तर धूळ आत जाते आहे, आणि तो रस्ता बंद केल्याशिवाय नव्या रिंगा टाकणे म्हणजे त्यांनाही झिजायला पाठवणे. हवेच्या प्रेशरने फिल्टर फुंकून पुन्हा-पुन्हा वापरण्याची सवयही सोडा. जोराच्या हवेने कागदाची छिद्रे मोठी होतात.

समजा हे सगळे करून आपला खरा आकडा ३,६०० किलोमीटरला एक लिटर असाच निघाला. हे जास्त आहे का? काही कंपन्या त्यांच्या मॅन्युअलमध्ये हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंतचा, काही तर एक लिटरपर्यंतचा खप मान्य करतात. ती मर्यादा वॉरंटीच्या वादात कंपनीला सोयीची असते आणि मी ती माझी मानत नाही. माझ्या अनुभवात चांगल्या स्थितीतली लहान पेट्रोल गाडी दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइल मागत नाही किंवा नाममात्र मागते. पाच हजाराला एक लिटरपर्यंत मी फक्त लक्ष ठेवायला सांगतो. दोन हजाराच्या आत लिटर जाऊ लागला की तपासणी पूर्ण करतो, आणि हजाराला लिटर, सोबत दिसणारा निळा धूर आणि काही आठवड्यांत खराब होणारे प्लग असे सगळे जमले की मग हाफ इंजिनचे बोलतो. आपण यांतल्या पहिल्या दोन टप्प्यांच्या मध्ये आहात.

खर्चाचा हिशोबही करून पाहा. आपले वर्षाचे चालणे ८,००० किलोमीटरच्या आसपास दिसते. त्यात सव्वादोन लिटर ऑइल वरून घालावे लागेल. ७०० रुपये लिटर धरले तरी वर्षाला १,६०० रुपयांच्या आत. ४०,००० रुपयांच्या कामाची भरपाई अशा हिशोबाने व्हायला २५ वर्षे लागतील, आणि तोवर ही गाडी कोणाकडे असेल देव जाणे. याला एक बाजू आहे तीही सांगतो. जळालेल्या ऑइलमधला फॉस्फरस सायलेन्सरच्या मार्गात धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हळूहळू निकामी करतो, त्यामुळे खप वाढत गेला तर पीयूसीला अडचण येते आणि कन्व्हर्टर महाग पडतो. म्हणूनच नुसता खप किती यापेक्षा तो वाढतो आहे की स्थिर आहे हे मला महत्त्वाचे वाटते, आणि ते वहीशिवाय कळत नाही.

मेव्हण्यांच्या सल्ल्यामागे एक गैरसमज आहे, तो इतका सार्वत्रिक आहे की त्यांना दोष देत नाही. ऑइलच्या कॅनवर लिहिलेल्या ५डब्ल्यू-३० सारख्या ग्रेडमधला डब्ल्यू हिवाळ्याचा (विंटर). त्याच्या आधीचा आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहते हे सांगतो आणि नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ते किती घट्ट राहते हे सांगतो. आता मे महिन्यात सोलापुरात पारा ४२-४३ वर असो की जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पहाटे थंडी असो, थर्मोस्टॅट आणि फॅन ठीक असतील तर इंजिनचे कूलंट साधारण ९० अंशांच्या आसपासच राखले जाते. बाहेरच्या दहा-वीस अंशांनी आतले गणित फारसे बदलत नाही. आपल्या इंजिनातल्या फटी आणि ऑइलचे बारीक मार्ग ज्या ऑइलसाठी आखले आहेत त्याच्यापेक्षा खूप घट्ट ऑइल सकाळी वर हेडपर्यंत उशिरा पोहोचते, आणि इंजिनची बरीचशी झीज त्या पहिल्या काही सेकंदांतच होते. शिवाय ॲव्हरेज थोडे घटते. घट्ट ऑइलने खप काही काळ कमी दिसतो हे खरे आहे. गाडी विकायला काढलेले लोक ही युक्ती करतात तीही याचसाठी. आपल्या मॅन्युअलमध्ये तापमानानुसार चालणाऱ्या ग्रेडांचा तक्ता असेल. त्यात एक पायरी वरचा ग्रेड, उदाहरणार्थ १०डब्ल्यू-४०, दिलेला असेल तर ९२,००० किलोमीटरच्या गाडीत तो वापरून पाहायला माझी हरकत नाही. तक्त्याबाहेर जाऊ नका.

आता तिसरा सल्ला, दर ५,००० ला ऑइल बदलण्याचा. त्यामागचे कारण चुकीचे असले तरी सल्ला आपल्यासाठी जवळपास बरोबर आहे, म्हणून तो नीट समजून घ्यावा लागेल. ऑइल लवकर बदलल्यावर गाडी ऑइल खात नाही असे वाटते, कारण पातळी धोक्याच्या खाली जाण्याआधीच आपण सगळे काढून नवे भरतो. गाडीची भूक तेवढीच असते, आपण तिला उपाशी राहण्याआधी जेवायला बसवतो इतकेच. एक खरा फायदा मात्र संभवतो. ऑइल रिंग कार्बनने नुकतीच चिकटायला लागली असेल तर ताज्या ऑइलमधले डिटर्जंट ती दोन-तीन बदलांमध्ये थोडी मोकळी करते. काही गाड्यांत मी हे होताना पाहिले आहे, काहींत काहीही झाले नाही, त्यामुळे हमी देत नाही.

ऑइल बदलण्याचे खरे कारण वेगळे आहे. ऑइलमध्ये काजळी धरून ठेवणारी, आम्ल मारणारी आणि झीज रोखणारी रसायने असतात आणि ती कामात खर्च होतात. उष्णतेने मूळ ऑइलही हळूहळू जाड होत जाते. किलोमीटर हे या खर्चाचे फक्त सोयीचे माप आहे. ताशी सरासरी ५० किलोमीटरने पुणे रस्त्यावर चाललेल्या गाडीचे १०,००० किलोमीटर म्हणजे इंजिनचे २०० तास. सात रस्ता, नवी पेठ अशा गर्दीत सरासरी २० ने चाललेल्या गाडीचे तेच १०,००० किलोमीटर म्हणजे ५०० तास. दोघांना एकच स्टिकर लावणे न्यायाचे नाही. त्यात आपल्या फेऱ्या चार-पाच किलोमीटरच्या. टेम्परेचरचा काटा मध्यावर आला म्हणजे पाणी तापले, ऑइल तापायला त्याहून जास्त वेळ लागतो. आपण ऑफिसला पोहोचता तेव्हा ऑइल अजून पुरते तापलेले नसते, त्यामुळे आत जमलेली वाफ आणि न जळलेले पेट्रोल उडून जात नाही, ऑइलमध्येच राहते. ऑइल फिलरचे झाकण उलटे करून पाहा. आत पिवळसर सायीसारखा थर असेल तर तो याचाच आहे. पावसाळ्यात आणि थंडीत तो जास्त दिसतो, आणि लांबच्या फेरीनंतर बहुधा नाहीसा होतो. कूलंटची टाकी रिकामी होत असेल आणि पट्टीवरचे ऑइलही चहाच्या रंगाचे दिसत असेल, तर मात्र तो हेड गॅस्केटचा मामला आहे आणि गाडी चालवू नये.

मॅन्युअलमध्ये साध्या वापरासाठी बहुतेक वेळा १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष लिहिलेले असते आणि त्याच पानावर, बऱ्याचदा बारीक अक्षरांत, कठीण वापरासाठी वेगळा, जवळपास निम्मा आकडा असतो. धूळ, लहान फेऱ्या, गर्दीत एसी लावून उभे राहणे, या सगळ्या गोष्टी त्या कठीण वापरात मोडतात. लोकांना वाटते कठीण वापर म्हणजे घाट आणि ओझे. प्रत्यक्षात शाळा-ऑफिस-भाजी मंडई एवढेच फिरणारी गाडी इंजिनच्या दृष्टीने कष्टाची असते. म्हणून आपल्यासाठी माझा आकडा ५,००० ते ६,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतले जे आधी येईल ते. आपण रोज सोलापूर-पंढरपूर जात असता तर मी निःशंकपणे १०,००० सांगितले असते. आणि कोणी ३,००० सांगत असेल तर तो ऑइल विकतो आहे.

वरून दोन-दोन लिटर नवे ऑइल जात असेल तर बदलायचे कशाला, असेही विचारले जाते. टॉप-अपने रसायनांची थोडी भर पडते हे मान्य. पण फिल्टर तोच राहतो, साठलेला मळ तोच राहतो, आणि ज्या रिंगांमधून ऑइल वर जाते त्यांच्यामधूनच जळालेला वायू खाली येऊन ऑइल लवकर घाण करतो. ऑइल खाणाऱ्या गाडीला बदल जास्त नियमित हवा. रंगावरून मात्र निर्णय घेऊ नका. ऑइल काळे झाले म्हणजे ते मळ धरून ठेवण्याचे काम करते आहे. डिझेल गाडीत तर ते काहीशे किलोमीटरमध्येच काळे होते.

डिझेलचा विषय निघाला म्हणून वाचणाऱ्या इतरांसाठी एवढेच सांगतो की एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल आणि वापर शहरातलाच असेल, तर ऑइल कमी होण्याऐवजी पट्टीवर वर चढलेले दिसू शकते. ते डिझेल मिसळल्यामुळे असते. पातळी वाढली म्हणून खूश न होता ते ऑइल ताबडतोब बदलावे, आणि त्या गाडीला डीपीएफसाठीचेच कमी राखेचे ऑइल घालावे.

बदलताना काही गोष्टी स्वतः उभे राहून पाहा. कॅनचे सील आपल्या समोर फोडायला सांगा आणि रिकामा कॅन तिथेच कापून टाका, कारण जुन्या कॅनमध्ये भलतेच ऑइल भरून विकणारे आहेत. ऑइल फिल्टर प्रत्येक वेळी नवा घ्या. चेंबरच्या बोल्टचा वायसर नवा टाकायला सांगा, तो दहा-वीस रुपयांचा असतो आणि निम्म्या ‘गळत्या’ तिथल्याच निघतात. इंजिन फ्लशची बाटली कोणी आग्रहाने सुचवली तर या वयाच्या इंजिनात ती घालू नका. सुटलेला गाळ पंपाच्या जाळीत अडकला तर तोच लाल दिवा पुन्हा पाहावा लागेल. काढलेले ऑइल गटारात जाणार नाही एवढे विचारून घ्या. चांगले गॅरेज ते ड्रममध्ये साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे देते.

तर आत्ता इंजिन खोलू नका आणि २०डब्ल्यू-५० आणू नका. सध्याचे ऑइल दहा महिन्यांचे आणि ६,५०० किलोमीटरचे आहे, वर १.८ लिटर नवे पडले असले तरी ते फिल्टरसह बदलून टाका, भरताना पट्टी स्वतः पाहून वरच्या खुणेपर्यंत घ्या, आणि त्या दिवशीच्या किलोमीटरपासून वही सुरू करा. पीसीव्ही आणि एअर फिल्टरची नळी त्याच भेटीत पाहून घ्या. दोन हजार किलोमीटर झाले की वहीतले आकडे, चार प्लगांचा ओळीने मांडून काढलेला फोटो आणि धूर दिसत असेल तर तो कोणत्या वेळी दिसतो, एवढे लिहून कळवा. रिंगा की सील, यावर मी तेव्हाच बोलेन.